हिवाळा चुकवणारे पाहुणे

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमचे गाव गुंजवणे. राजगडाच्या पायथ्याला, गुंजवणी नदीच्या खोऱ्यात. पहाटे साडेचारला पुण्याहून आलेली एक टोळी आमच्या पडवीत चहा घेत होती. त्यांच्याबरोबर फिनलंडचा एक पाहुणा होता. आमची आजी घोंगडी पांघरून शेकोटीला बसलेली, वडिलांनी कानाला मफलर गुंडाळलेला, आणि हा गृहस्थ अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात अंगणात उभा राहून आकाशातले तारे पाहत होता! त्याला थंडी वाजत नाही का, असे आजीने विचारले. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी प्रश्न त्याच्यापर्यंत पोचवला. तो हसून म्हणाला, "मी थंडीपासून पळूनच तर इथे आलो आहे. आमच्याकडे या दिवसांत दुपारी तीनच्या सुमाराला सूर्य मावळतो."

मी ते आजीला सांगितले. आजीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "आगं, मग त्यांची गुरं कवा चरत्यात?"

सगळे हसले. पण त्या पाहुण्याने नंतर एक साधा प्रश्न विचारला, त्याला मात्र कुणालाच उत्तर देता आले नाही. "तुम्ही सुट्टीला कुठे जाता?" वडील गप्प. आई चुलीकडे वळली. शेवटी आजीच म्हणाली, "म्या जायची माहेराला. आता तिथंबी कोन ऱ्हायलं न्हाई."

हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. हिवाळा आला की थंड देशांतली माणसे उष्ण प्रदेशांकडे का धाव घेतात, ही रीत केव्हापासून पडली, आणि ज्यांच्या अंगणात ते येतात त्यांच्या पदरात काय पडते, याचा विचार वर्गात शिकलेल्या भूगोलाच्या आधाराने करावा, हा या लेखाचा हेतू आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा काही चुकले तर गुरुजनांनी सांभाळून घ्यावे.

उष्ण कटिबंध म्हणजे आपलेच घर

'ट्रॉपिकल' हा शब्द जाहिरातीत वाचला की डोळ्यांसमोर नारळाची झाडे, निळा समुद्र आणि दूरचे एखादे बेट येते. वस्तुतः कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधला सारा पट्टा म्हणजे उष्ण कटिबंध. कर्कवृत्त मध्य प्रदेशातून जाते; महाराष्ट्र सगळाच त्याच्या दक्षिणेला आहे. आमचे गुंजवणे सुमारे सव्वाअठरा अंश उत्तर अक्षांशावर येते. म्हणून वर्षातून दोनदा, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस, भर दुपारी सूर्य आमच्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैतली ती वेळ ढगांमुळे कधी दिसत नाही, ही गोष्ट वेगळी. थोडक्यात, ज्या प्रदेशाकडे जग सुट्टीला धावते त्या प्रदेशातच आपण नांगर धरून उभे आहोत.

पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे आपण शाळेत पाठ केले. त्या पाठांतराचा अर्थ मला त्या पहाटे कळला. २२ डिसेंबरच्या सुमारास आमच्याकडे दिवस अकरा तासांचा असतो. त्याच दिवशी लंडनला आठ तासही पुरते भरत नाहीत आणि हेलसिंकीला सहा. त्याहून उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे, कित्येक दिवस सूर्य उगवतच नाही. अशा अंधारात माणसाचे मन खचते, झोप वाढते, उत्साह मावळतो. १९८४ साली नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत या अवस्थेचे शास्त्रीय वर्णन केले आणि ऋतूशी बांधलेला हा विषाद आजारांच्या यादीत आला. म्हणजे उन्हासाठी धावणारा प्रत्येक गोरा माणूस चैनीसाठीच धावतो असे म्हणणे बरोबर होणार नाही. ऊन ही त्याची भूक आहे. आपल्याला ऊन फुकट मिळते म्हणून त्याची किंमत कळत नाही, इतकेच.

आधी पाखरे, मग मेंढरे

हिवाळा चुकवण्याची ही रीत माणसाने काढलेली नाही. गणपतीनंतर आमच्या ओढ्याच्या दगडांवर शेपटी वरखाली हलवणारा करडा धोबी दिसू लागतो. उन्हाळा त्याने हिमालयात किंवा त्याहून उत्तरेला काढलेला असतो. आपल्याच जिल्ह्यात भिगवणजवळ उजनीच्या पाणफुगवट्यावर हिवाळ्यात पट्टकदंब येतात. तिबेट आणि मध्य आशियातून हिमालय ओलांडून आलेले हे हंस जगातल्या सर्वांत उंच उडणाऱ्या पक्ष्यांत गणले जातात. पाखरांना सुट्टी नसते. तिकडे पाणी गोठते, किडे-शेवाळ मिळत नाही, म्हणून ती येतात.

माणसांतही अशी एक जुनी वाट आहे. फलटण-खटावकडचे धनगर दसरा-दिवाळीनंतर मेंढरे, घोडी, कोंबड्या, लेकरे असा सारा संसार घेऊन पश्चिमेला निघतात. त्यांतले कित्येक घाट उतरून कोकणात जातात, भात काढलेल्या शेतांत मेंढरे बसवतात, त्या खताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे घेतात आणि पाऊस लागायच्या आत परत फिरतात. त्यांचे हे जाणे थंडीपासून नसते. सुकलेल्या रानापासून असते. पण रोज नवा मुक्काम, उघड्यावर निजणे, अंधारात लांडग्याची भीती, घाटाची उभी उतरण, हे सगळे त्यात असते. ज्याला शहरातली माणसे आज साहस म्हणतात आणि ज्यासाठी पैसे मोजतात, ते या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी केले. त्याला कुणी साहस म्हटले नाही.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. पाखरू आणि मेंढपाळ गरजेने जागा बदलतात. पर्यटक हौसेने बदलतो आणि परतीचे तिकीट खिशात घेऊन येतो. त्याला मी दोष देत नाही. पण पाहुणा आणि यजमान यांच्यातला सारा व्यवहार या परतीच्या तिकिटावर उभा आहे, हे विसरता येणार नाही.

हिवाळी सहलीचा इतिहास

अठराव्या शतकात श्रीमंत इंग्रज लोक प्रकृतीच्या निमित्ताने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस गावी हिवाळा काढू लागले. टोबायस स्मॉलेट या लेखकाने तेथील मुक्कामावर लिहिलेले पुस्तक १७६६ साली निघाले आणि नीसचे नाव गाजले. पुढे रेल्वे आली. सामान्य माणसांना स्वस्त सहली घडवणाऱ्या थॉमस कुक यांनी आपली पहिली रेल्वे सहल १८४१ साली काढली होती. त्यांनी १८६९ साली प्रवाशांना नाईल नदीवर नेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेट विमाने आली आणि कारखान्यातला कामगारही वर्षातून दोन आठवडे कॅनरी बेटांवर, थायलंडात किंवा श्रीलंकेत ऊन खाऊ लागला.

गंमत अशी की, ज्या इंग्रजांना त्यांच्या घरचा हिवाळा सोसवेना त्यांनाच आपला उन्हाळाही सोसवत नव्हता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२८-२९ च्या सुमारास, महाबळेश्वर वसले. १८५० मध्ये ह्यू मॅलेट यांनी माथेरान शोधले. त्या साहेबांचे वंशज आज डिसेंबरात गोव्याच्या वाळूवर पडलेले दिसतात. आणि आपल्याकडची मंडळी? ती बर्फ बघायला मनाली-काश्मीरला जातात! तात्पर्य, ज्याच्याकडे जो ऋतू नाही त्याला तो हवासा वाटतो. हिवाळ्यापासून पळणारे आहेत, तसे हिवाळ्याकडे पळणारेही आहेत. घरात बसून दोन्हीही बघणारे तिसरे, आमच्यासारखे.

हे पर्यटन किती मोठे झाले आहे, याची जाणीव जगाला एका दुर्दैवी दिवशी झाली. २६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात त्सुनामी आली, तेव्हा नाताळाच्या सुट्टीत उन्हासाठी थायलंडच्या किनाऱ्यावर गेलेले एकट्या स्वीडन देशाचे पाचशेहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. तेथील कोळी, हॉटेलांतले वाढपी, मोलकरणी अशी हजारो माणसे त्याच लाटेत गेली. पाहुणा आणि यजमान यांना निसर्ग वेगळे मानत नाही.

गोव्याचा धडा

आपल्या जवळचे मोठे उदाहरण म्हणजे गोवा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा गोव्यात तो २० च्या आसपासच थांबतो, कारण समुद्र उशिरा तापतो आणि उशिरा निवतो. पावसाळा संपलेला, हवा कोरडी, समुद्र शांत. युरोपातल्या माणसाला याहून आणखी काय हवे?

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि त्या दशकाच्या अखेरीस हणजूणच्या किनाऱ्यावर हिप्पी दिसू लागले. त्यांतले बरेचजण तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असे रस्त्याने येत. जुन्या बसमधून महिनोन्‌महिने प्रवास करणे हेच त्यांचे साहस. हिवाळ्यात गोवा आणि उन्हाळ्यात काठमांडू किंवा मनाली, असा त्यांचा क्रम असे. म्हणजे तेही आमच्या धनगरांसारखेच ऋतूबरोबर सरकत. १९७९ साली इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या आणि ती वाट बंद पडली. १९८३ साली राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांचा विश्रांतीचा मुक्काम गोव्यात झाला. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला जर्मनीच्या कॉन्डॉर कंपनीची खास विमाने दाबोळीला थेट उतरू लागली. मग ब्रिटन आणि पुढे रशियातूनही अशी विमाने आली. किनाऱ्यावर दर ऑक्टोबरात उभ्या राहणाऱ्या आणि पावसापूर्वी मोडाव्या लागणाऱ्या झोपड्यांची, म्हणजे शॅकची, एक वेगळीच अर्थव्यवस्था तयार झाली. हरमलजवळ छत्रीने उडणे, मुरगावच्या समुद्रातल्या बेटापाशी बुडी मारणे, असे धाडसाचे खेळही त्यात मिसळले.

पण या कहाणीची दुसरी बाजू आहे. २०१९ साली गोव्यात नऊ लाखांहून अधिक परदेशी पाहुणे आले होते. मग २०२० ची महामारी आली, विमाने थांबली. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटले आणि रशियन पाहुणे घटले. २०२३ साली परदेशी पाहुण्यांची संख्या साडेचार लाखांच्या आसपासच राहिली. म्हणजे जवळजवळ निम्मी! त्याच वर्षी देशातले पाहुणे ऐंशी लाखांवर गेले म्हणून गोवा तरला. हजारो मैलांवरच्या एका युद्धामुळे किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये ताटे धुणाऱ्या पोराची रोजी बुडावी, हे या धंद्याचे खरे रूप आहे. दुसऱ्याच्या हिवाळ्यावर आपले वर्ष अवलंबून ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीवर आपला मळा लावणे.

मालवणची बुडी

महाराष्ट्रानेही या वाटेवर पाऊल टाकले आहे. नव्वदच्या दशकात सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. मालवणजवळचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथे प्रवाळ आहेत आणि पावसाळा सरल्यावर पाणी निवळले की ते दिसतात. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाने पाण्याखाली पोहण्याचे, म्हणजे स्कूबाचे, शिक्षण देणारी संस्था उभी केली.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्या समुद्रात बापाने जाळे टाकले त्याच समुद्रात मुलगा पाहुण्याचा हात धरून त्याला मासे दाखवतो. मासे, वारा, भरती-ओहोटी हे त्याला बापाकडून आले. नळकांड्यातली हवा किती पुरते, पाण्याचा दाब कानावर कसा येतो, हे तो प्रशिक्षणात शिकला. घरचे ज्ञान आणि शिकलेले ज्ञान यांची सांगड पडली की माणूस हमाल राहत नाही, वाटाड्या होतो. आणि वाटाड्याला मान असतो.

आता आमच्या गडाकडे

आमच्याकडे समुद्र नाही. पण हिवाळा आहे आणि राजगड आहे. नासरापूरवरून मार्गासनी, साखर करीत गाडी गुंजवण्याला येते. येथून चोरदरवाजाने पद्मावती माचीवर जाता येते. शेवटचा टप्पा उभ्या कातळाचा. तेथे लोखंडी कठड्याला धरून चढावे लागते. शहरातल्या मुलांच्या दृष्टीने हे थरारक असते. माझी आई त्याच वाटेने डोक्यावर ताकाची कळशी घेऊन वर्षानुवर्षे चढली आहे. तिला कुणी कधी दोर बांधला नाही.

आमचा हंगामही ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कातळ निसरडा, उन्हाळ्यात माथा तापलेला. म्हणून थंडीत गर्दी. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत राजगडही आहे आणि सिंधुदुर्गही. त्यामुळे यापुढे परदेशी पाहुणेही वाढतील असा अंदाज करायला हरकत नाही.

मग आमच्या वाट्याला काय येते? पिठले, भाकरी, ठेचा, आणि सकाळचा चहा. आई तीनला उठते. टोळी आणणारा शहरातला संयोजक दर माणशी जे पैसे घेतो त्यातला लहानसा हिस्सा ताटाच्या रूपाने आमच्या चुलीपर्यंत पोचतो. गडावर इतिहास सांगणारा संयोजकच असतो. एकदा तर माझ्या देखत, आमच्याच पडवीत बसून, तो आमच्या गावाविषयी भलतेच काहीतरी सांगत होता आणि मी भाकरी वाढत होते. मी बोलले नाही. राग त्याच्यापेक्षा स्वतःचाच अधिक आला, कारण खरे काय ते मलाही नीट ठाऊक नव्हते.

फिनलंडच्या पाहुण्याबरोबर त्या दिवशी मी सुवेळा माचीवर नेढ्यापर्यंत गेले. कातळाला आरपार पडलेले ते भोक पाहून त्याने विचारले, "हे कुणी कोरले?" लहानपणापासून मी त्यात बसून वारा खाल्ला आहे. तरी मला सांगता आले नाही. परत आल्यावर सरांना विचारले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून हा सह्याद्रीचा बेसॉल्ट झाला; त्यातला कच्चा भाग ऊन, वारा आणि पावसाने झिजून असे नेढे पडते. हे कळले तेव्हा वाटले, पाहुणा हिवाळ्यापासून पळून इथवर आला नसता, तर मी माझ्या दारचा डोंगर कधी वाचलाच नसता.

काय करता येईल?

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. धाडसी सहली काढणाऱ्यांनी नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसे ठेवावीत, सुरक्षेची साधने असावीत, असा त्याचा रोख आहे. हे योग्यच आहे. पण प्रशिक्षित माणसे म्हणजे कोण? ती शहरातूनच येणार असतील, तर उद्या आमच्याच डोंगरावर आम्ही अशिक्षित ठरू. वाट आम्हाला ठाऊक, पण दाखला दुसऱ्याच्या खिशात, अशी अवस्था होईल.

म्हणून आमच्या खोऱ्यातल्या मुलामुलींनी तीन गोष्टी कराव्यात असे मला नम्रपणे वाटते. एक, आपला गड, आपले दगड, आपली झाडे-पाखरे यांचा नीट अभ्यास करावा. नुसता अभिमान पुरत नाही. दोन, दोर बांधणे, प्रथमोपचार करणे, थोडे इंग्रजी बोलणे हे शिकून घ्यावे. आणि तीन, भाताचे खाचर विकून हॉटेलाची वाट धरू नये. गोव्याचा धडा समोर आहे. पाहुणे येतील तेव्हा येतील. इंद्रायणीचा भात मात्र दरवर्षी येतो. पर्यटन हे जेवणातले लोणचे असावे, भाकरी होऊ नये.

पाहुण्यांकडेही एक मागणे आहे. ज्या कातळाला तुम्ही साहस म्हणता तो कुणाचा तरी रोजचा रस्ता आहे. वर नेलेली बाटली खाली आणा. आणि जेवल्यावर वाढणारीला तिचे नाव विचारा.

माझ्या भावाला पुण्यात नोकरी करायची आहे, त्याचा निश्चय झाला आहे. घरचे म्हणतात, मुलीच्या जातीने गडावर परक्या माणसांना घेऊन हिंडणे बरे दिसणार नाही. यावर अजून आमच्याकडे बोलणे चालू आहे. एवढे मात्र झाले आहे, की गेल्या महिन्यात पुण्याची एक टोळी आली तेव्हा आईने भाकरी थापता थापता मला हाक मारली आणि म्हणाली, "चल, ऊठ. भाकरी मी बघते. तू जा त्यांच्यासंगं, तुला म्हाईतंय ते सांग."

त्या पाहुण्याच्या प्रश्नाला मात्र अजून उत्तर द्यायचे आहे. आम्ही सुट्टीला कुठे जातो? आजीने अजून समुद्र पाहिलेला नाही. घाटाखाली उतरले की तो काही फार दूर नाही. यंदा भाताची झोडपणी उरकली की तिला एकदा घेऊन जायचे, असे मी ठरवले आहे. तिलाही थंडीत थोडे ऊन खाऊ दे.